आजऱ्याचं पावणं
मुलींच्या शाळेत शिकवून कालिंदी मंगळवार पेठेतल्या घरी परतली, तेव्हा अंबादास तिच्या सासूबाईंसमोर बसून चहा पीत होता. “आजऱ्याचं पावणं आल्यात. तुझं मावसभाऊ हायत म्हणं. काजू आणल्यात बघ,” सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. त्या पाणी आणायला आत वळल्या, तसा अंबादास पुटपुटला, “गपगुमान माझ्यासंगं चल. न्हाईतर म्हातारीला समदं सांगतो.” पहिल्या लग्नाची गोष्ट कालिंदीनं नवऱ्याला सांगितली होती, सासूला सांगायचं मात्र दोघांचंही धाडस झालं नव्हतं. अंबादासनं तेच हेरलं होतं. पण सासूबाई तांब्या घेऊन बाहेर येताच ती बोलून गेली, “आत्याबाई, हा माझा पहिला नवरा. बाहेर जाताना मला खोलीत कोंडून कुलूप लावायचा. कोर्टात जाऊन मी काडीमोड घेतला.” सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी अंबादासच्या हातातली कपबशी काढून घेतली. “उठा.” तो शांतपणे बाहेर पडला, पण गल्लीबाहेर गेला नाही. समोरच्या घराचा जिना चढला आणि वरच्या खोलीची खिडकी उघडून उभा राहिला. “भाड्यानं घेतलीय,” तो हसून म्हणाला. “आता रोज दिसशील.” कालिंदी दार लावायला पुढं झाली. विळी आणि मेथीची जुडी घेऊन सासूबाई थेट उंबऱ्याशी येऊन बसल्या. “आत जा, पोरी,” खिडकीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. “मला का सांगितलं न्हाईस, ते मागनं बोलू.”