बाळाच्या कपाटातले सिगार

"तंबाखू ज्याच्या शेजारी झोपते, त्याचीच होऊन जाते, सूनबाई. वासाच्या वस्तूंपासून लांब ठेव," एवेलिओने सिगारांची पेटी हातात देताना बजावलं होतं. इदालमिसने मान डोलावली आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. सासऱ्याने उभा जन्म सिगार वळले असतील. रसायनशास्त्राची पदवी तिच्याकडे होती.

नात जन्मली त्या दिवशी म्हाताऱ्याने ते सिगार वळले होते. तिकडच्या रिवाजाप्रमाणे नाइरा पंधरा वर्षांची झाली की मोठी मेजवानी, तेव्हा पेटवायचे. तिचा बाप कामासाठी माद्रिदला, म्हणून तोवर सांभाळायचे सुनेने.

सान लुईस हे तंबाखू पिकवणारं गाव; तिथे तंबाखूच्या ओलाव्यावर मत नसलेला माणूस सापडत नाही. इदालमिसने कुणालाच विचारलं नाही. तिने ओलावा मोजायचं यंत्र मिळवलं. उकळून गार केलेलं पाणी वाटीत ठेवलं. ऊन टाळलं, फ्रिज टाळला. बाळाचा श्वास नीट चाललाय ना, हे बघायला उठली की सिगारांवरही नजर टाकून यायची. आणि पेटी ठेवली घरातल्या एकुलत्या एका देवदारी कपाटात. लाकूड अगदी पुस्तकात सांगितलेलं. फक्त ते कपाट बाळाचं होतं. आणि तिथल्या कुठल्याही बाळाप्रमाणे नाइराचीही झबली-टोपरी व्हायोलेट फुलांच्या कोलनवॉटरने निथळत असायची.

पावसाळा सरल्यावर एवेलिओने पेटी उघडली. एक सिगार नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"वा, सूनबाई. हा ओढायचा, की ढेकर काढायला खांद्यावर घ्यायचा?"

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. सिगारांना दात आले का, असं शेजारणी विचारू लागल्या. फेकून देतो म्हणत म्हातारा पेटी घेऊन गेला. भिंतीवरची पदवी तेव्हापासून इदालमिसला जरा तिरकीच दिसू लागली.

मग माद्रिदचे कागद आले. मायलेकींनी जायचं ठरलं. सामान बांधताना कोलनची बाटली सापडेना. शोधत शोधत ती सासऱ्याच्या खोलीत गेली.

पेटी त्याच्या उशाशी होती. सिगारांवर नाइराचं न धुतलेलं झबलं पांघरलेलं. शेजारी बाटली. म्हातारा वाटीत पाणी ओतत होता, निम्मं चादरीवर.

"तंबाखूचा वास कसा टिकवायचा, ते मला येतं," तो वर न बघता म्हणाला. "पोरीचा कसा टिकवायचा, ते तू सांग. काय काय केलं होतंस?"

तिने बाटली तिथेच राहू दिली. यंत्रही आणून दिलं.

आता माद्रिदमध्ये गावाकडे जाणारं कुणी भेटलं की इदालमिस एवढंच सांगते, तुम्हालाही तेच. सान लुईसला गेलात तर एवेलिओचं दार वाजवा. सिगारांची चौकशी नको. नवशिक्यासारखा जीव लावून जपतो तो त्यांना. तो वेळेवर जेवतो का, तेवढं बघून या.