बाहेरचा कप्पा

काशीरामने पिशवी खुर्चीच्या पायाला अडकवली, नळी पायजम्याच्या आत नीट आहे ना ते चाचपलं आणि मग टेकला.

देवळात काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. बाकी सगळे सतरंजीवर मांडी घालून. पण लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, असं नर्सने बजावलेलं. म्हणून हा मागे, चपलांच्या रांगेशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

ऑपरेशन झालं, एवढंच चारकोपच्या त्या गल्लीत ठाऊक होतं. नळी अजून निघायची आहे हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सप्ताहाची कीर्तनं त्याने घरी, खिडकीत बसून ऐकली. देवाचं काय, तो कर्ण्यातूनही ऐकू येतो. पण कीर्तन अशी एकट्याने ऐकायची गोष्ट नव्हे; शेजाऱ्याचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागला पाहिजे.

शेवटी त्याने, बायको गेल्यापासून बंद असलेल्या शिलाई मशीनवरची चादर काढली आणि लघवीची पिशवी आत लपेल अशी एक कापडी पिशवी शिवली. बाहेरून जुन्या पडद्याचं जाड कापड, आतून रेक्झिन. हे अस्तर वेल्क्रोने लावलेलं; ओढलं की सुटतं, नळाखाली धरलं की स्वच्छ. पट्टा लांब केला की चालताना पिशवी गुडघ्याशी लोंबते, आखूड केला की खुर्चीला बसते, नाहीतर पलंगाच्या दांडीला. घाट मात्र मुद्दाम टाळाच्या पिशवीचा. बघणाऱ्याला वाटावं, भजनी माणूस आहे, आत टाळ असणार.

तसंच झालं. पाणी प्यायला मागे आलेला अनंत थबकला. भजनात दोघे कायम शेजारी उभे राहायचे.

"खंय होतस रे इतके दिवस? चल पुढे, तुझी जागा मोकळी ठेवलीय."

"हंयच बरो आसंय मी."

अनंतची नजर पिशवीवर गेली. "टाळ आणलस आणि खुर्चेर बसतस? मोठो सायब झालस." हसत म्हणाला खरा, पण उत्तराला थांबला नाही.

बुवा शिदोऱ्यांची कथा सांगत होते. सगळ्या गोपाळांनी आपापली गाठोडी सोडली. एक तेवढा शिळ्या भाकरीचं गाठोडं काखेत दाबून मागे बसला. "देवाचा हात पहिला कुणाच्या गाठोड्यात गेला?" बुवांनी विचारलं. मंडळी हसली. काशीरामने पाय जवळ ओढले.

हंडी फुटली. जो तो शेजाऱ्याच्या तोंडात काला भरवू लागला. खुर्चीपर्यंत कुणाचा हात आला नाही. मग लाह्यांचं घमेलं घेऊन शेवंती आली, त्याच्या शेजारच्या घरातली.

"पिशवी उघडा, काशीरामभाऊ."

त्याने वाकून दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड आवळलं. "यात नको, वहिनी."

"अहो, घरी न्यायच्यात. ओंजळीत किती मावणार? सोनं ठेवलंय काय आत?" तिने हसत पट्ट्याला हात घातला.

"नको म्हटलं ना."

आवाज एवढा चढला की पुढे बसलेल्या अनंतनेही वळून पाहिलं. शेवंतीचा हात तिथेच राहिला. काशीरामने डोक्यावरची टोपी काढून पुढे धरली. तिने एक मूठ लाह्या टाकल्या आणि पुढे गेली.

घरी येऊन त्याने अस्तर सोडवलं, धुतलं, खिडकीत वाळत घातलं. पिशवीत खोट काढायला जागा नव्हती. गळली नाही, वास नाही, कुणाला काही कळलं नाही. तरी उरलेल्या पडद्याचा तुकडा कापून त्याने पिशवीला बाहेरून एक कप्पा शिवला. उघड्या तोंडाचा, बटण नाही, नाडी नाही.

दुपारी अस्तर वाळलं, ते परत बसवलं. कप्पा किती भार घेतो ते बघायचं होतं. टोपीतल्या लाह्या जेमतेम तळाला लागल्या. म्हणून खिळ्यावरचे टाळ काढून त्याने वर ठेवले, पिशवी खांद्याला लावली आणि दारापासून मोरीपर्यंत चालून पाहिलं. पावलागणिक टाळ एकमेकांना लागत होते. तो परत फिरला. पुन्हा मोरीपर्यंत गेला.

भिंतीपलीकडून शेवंतीचा आवाज आला. "काशीरामभाऊ, कोण आलंय ओ?"

तो थांबला. टाळही थांबले.

"कोणी नाही, वहिनी," तो म्हणाला. "मीच."