विचारून सांगते

"कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही, सिस्टर," उकिडवे खुर्चीत सरसावून म्हणाले, "पण अख्खं जग माझ्या प्रोग्रॅमच्या नव्वद ओळींवर चाललंय. दिवा असो, दार असो, नाहीतर आमच्या कुमुदचं हे ऑक्सिजनचं मशीन, सगळ्यांना मी एकच गोष्ट शिकवली. सांगितलेलं काम येत असेल तर करायचं, नसेल तर आपल्या वरच्याला विचारायचं. त्यालाही येत नसेल, तर त्यानं त्याच्या वरच्याला."

हेमांगी सिस्टरनं कुमुदकाकूंची निळी पडत चाललेली नखं पाहिली आणि मशीनला तिसऱ्यांदा सांगितलं, "ऑक्सिजन वाढव."

"विचारून सांगते," मशीन म्हणालं. जादा सिलिंडरच्या कपाटाचं दारही मघाशी हेच म्हणालं होतं.

"माझ्या नणंदेच्या वरताण आहे हे," हेमांगी म्हणाली. "आणि सगळ्यांच्या वर कोण, काका?"

"कुणी नाही. तिथं मी रिकामी जागा ठेवलीय. तिथवर गेलेला प्रश्न 'येत नाही' म्हणून तत्क्षणी परत येतो." उकिडवे हसले, पण त्यांचा हात बायकोच्या पांघरुणावरून हलला नाही. गेल्या वर्षी त्या रिकाम्या जागेच्याही वर त्यांना कुणीतरी दिसलं होतं. त्यांनी न लिहिलेलं. ते त्याला काढून टाकायला गेले, तेव्हा त्यांचाच संगणक म्हणाला होता, "विचारून सांगतो."

हेमांगीनं घड्याळाकडे पाहिलं.

"खोटं बोलताय, काका. वर कुणी नसतं तर उत्तर कधीच परत आलं असतं. मग हे मशीन आणि ते दार चार मिनिटं कुणाची वाट बघतायत?"