नळीतलं ऑइल

गॅरेजमध्ये उभ्या टॅक्सीच्या हवेच्या नळीत उस्तादांनी बोट घातलं, फिरवलं आणि बाहेर काढून उजेडात धरलं. बोट पेरापर्यंत काळं, चिकट झालं होतं. जिथून इंजिनात निव्वळ हवा जायची, तिथे ऑइल साचलं होतं.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," ते म्हणाले. "इंजिन उघडावं लागेल."

टॅक्सीवाल्याचा चेहरा पडला. दुसऱ्या वर्कशॉपनेही हेच सांगितलं होतं, म्हणून तर तो इथे आला होता. इंजिन खाली उतरलं की गाडी महिनाभर उभी, आणि गाडी उभी म्हणजे सगळं घरच उभं. पण उस्ताद बोलले म्हणजे विषय संपला. चाळीस वर्षांत त्यांच्या निदानाला कुणी 'पण' लावला नव्हता.

"पण बाबा," मागून सून म्हणाली, "आधी मोजून बघूया ना."

उस्तादांच्या मुलाला बोनेट कुठून उघडतं हेही धड ठाऊक नव्हतं. बायको मात्र त्याने अशी आणली होती, की लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तिने सासऱ्याकडे पाना मागितला. उस्तादांनी तो कौतुकाने दिला होता. पण गिऱ्हाइकासमोर शब्द अडवायचा म्हणजे अतीच झालं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मोज बाई," ते म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले.

सुनेने गाडी चालू करायला लावली. इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढून तिने ते त्याच भोकावर नुसतं उलटं ठेवलं. झाकण थडथड उडायला लागलं.

"बघ!" उस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले. "आतून दाब येतोय. रिंगा नाहीत तर काय?"

"दाब आहेच, बाबा. पण तो रिंगांमधून येतोय, की बाहेर पडायला वाट नाही म्हणून कोंडलाय?"

उस्तादांनी उडत्या झाकणाकडे पुन्हा पाहिलं. प्रश्न चुकीचा नव्हता. तो आपल्याला का सुचला नाही, एवढंच त्यांना खुपलं.

सुनेने गाडी बंद करवली, चारही प्लग काढले आणि पहिल्या सिलिंडरला दाब मोजायचं गेज लावलं. "मारा सेल्फ," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. काटा चांगला वर चढला; रिंगा गेल्या असत्या तर तो खालीच राहिला असता. तिने खडूने फरशीवर आकडा लिहिला. मग दुसरा. दुसरा पहिल्याच्या बरोबरीचा निघाला.

तिसऱ्या आकड्याला उस्ताद स्टुलावरून उठले. आपण चुकावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

चौथ्या सिलिंडरचा काटा त्यांनी स्वतः वाकून वाचला. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला. चारही आकड्यांत उन्नीस-बीसचा फरक. रिंगा ठणठणीत होत्या.

सून तोवर इंजिनाच्या मागच्या अंगाला हात घालून चाचपडत होती. तिने अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह ओढून काढला, कानाशी धरून हलवला आणि काही न बोलता उस्तादांच्या हातावर ठेवला. त्यांनीही कानाशी नेऊन हलवला. चांगला असता तर आतली गोळी खुळखुळली असती. हा दगडासारखा मुका होता. आत काजळी बसून गच्च झाला होता.

"इंजिनाला श्वास सोडायला हीच वाट," सून टॅक्सीवाल्याला सांगू लागली. "ती बुजली, म्हणून आतली वाफ ऑइल घेऊन उलटी हवेच्या नळीत शिरली. बाकी काही नाही."

तिने कपाटातून नवा व्हॉल्व्ह काढून बसवला, नळ्या धुऊन पुसल्या, प्लग आवळले आणि गाडी चालू करवली. झाकण पुन्हा भोकावर ठेवलं. या वेळी ते हललं नाही. उलट कुणी खालून हळूच ओढून धरल्यासारखं चिकटून बसलं.

टॅक्सीवाला झाकणाकडे बघत राहिला. मग सुनेकडे न बघता, सवयीने, उस्तादांकडे वळला. "उस्ताद, मग रिंगा?"

"रिंगा चांगल्या आहेत. मी चुकलो."

असं वाक्य या गॅरेजमध्ये कधी कुणी ऐकलं नव्हतं. सुनेच्या हातातलं फडकं थांबलं. टॅक्सीवाल्यालाच अवघडल्यासारखं झालं. सावरून घ्यावं म्हणून तो हसला.

"शेवटी तुमच्याच हाताखाली तयार झालीय म्हणा! तुमचीच शिकवण."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उस्तादांनी दोन्ही हात मागे बांधले आणि छाती पुढे काढली.

"छे! माझी शिकवण असती तर एव्हाना तुझं इंजिन या फरशीवर पडलं असतं. ही तिची अक्कल आहे. पुढच्या वेळी आलास की मला नको विचारू, तिला विचार. आणि त्या वर्कशॉपवाल्यांनाही सांग, नाव घेऊन सांग, कुणी सांगितलं ते."

टॅक्सी गेली. दारात दुसरी गाडी उभीच होती. सुनेने बोनेट उघडलं आणि डोकं खाली घातलं. आत अंधार होता. उस्तादांनी फळीवरचा टॉर्च उचलला आणि तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"कुठे धरू?" त्यांनी विचारलं.