सुट्टीच्या दिवसाचा शॉवर

"दुर्वाताई, काल युनिफॉर्मसोबत प्रशिक्षणही जमा केलंत ना? मग आज तुम्ही पाहुण्या," रिसॉर्टचे मॅनेजर धुरी हसून म्हणाले.

दुर्वा बाथरूमच्या दारात अडून उभी होती. मागे तिचे दमेकरी वडील टॉवेल घेऊन खोकत होते. खोली पावसाळाभर बंद होती. बंद खोलीतला शॉवर माणसाला आजारी पाडतो, एवढी भीती तिच्यात उरली होती. ती इथलीच कर्मचारी; का आणि त्यावर काय करायचं, हे कंपनी रोज काम सुटताना फाटकावर तिच्या डोक्यातून काढून घेई.

"बाबांपुरतं परत द्या."

"कंपनीची मालमत्ता आहे ती. सुट्टीत मिळत नाही."

"शिकले मी, आणि मालमत्ता तुमची?"

"अगं, आंघोळच करायचीय मला," वडील पुटपुटले.

दुर्वाने संतापून वडिलांना खोलीबाहेर काढलं. मग तिचे हात आपोआप चालू लागले. हातांनीच नळीच्या शॉवरचं तोंड बादलीत बुडवलं आणि कढत पाणी पूर्ण सोडलं. एकही तुषार उडाला नाही.

धुरी ओरडले, "साचल्या पाण्यातले जंतू तुषारांतून फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून आम्ही हेच शिकवतो! म्हणजे तुम्ही प्रशिक्षण चोरलंत!"

"मला काहीच आठवत नाही. हातांना सवय आहे," ती म्हणाली. "उद्यापासून फाटकावर हातही काढून घ्या."