तपासलं

पडेगावच्या माळावर कुणीतरी ग्लायडरच्या सुकाणूच्या तारा उलट्या जोडल्या. माझ्या भावानं, लक्ष्मणनं, दांडा डावीकडं नेला आणि ग्लायडर उजवीकडं कलंडून कोसळलं. लक्ष्मण जागीच गेला. ग्लायडिंग क्लबच्या सरदेशपांडे साहेबांनी उड्डाणाआधी न बघताच 'तपासलं' लिहून सही ठोकली होती. चौकशीत म्हणाले, "पोरगा चुकला."

आता जोडणीचं काम माझ्याकडं आहे. आज मी तारा मुद्दाम उलट्या लावल्या. साहेबांनी सवयीनं सही ठोकली.

"साहेब, कमिटीचा नवा नियम. ज्याची सही, तोच पहिला उडणार. बसा."

साहेब पहिल्यांदाच तारांपाशी वाकले. दोन मिनिटांत ओरडले, "शैलाबाई, हे तर उलटं जोडलंय!"

 

"व्हय साहेब. लक्ष्मणच्या वेळीबी दोनच मिनिटं लागली असती."