मनगटावरची चांदणी

"हात वर करा बरं सगळ्यांनी. बाह्या मागे घ्या," कॅमेरावाला म्हणाला.

तिसरीच्या वर्गातले झाडून सगळे हात वर गेले. प्रत्येक मनगटावर लाल शाईची एक चांदणी होती. पानभर न अडखळता वाचून दाखवलं की बाई आपल्या लाल पेनाने ती काढून देत. मग मुलं त्या हाताला पाणी लागू देत नसत, आणि घरोघरी आयांची त्यावरून कटकट चाले.

राज्याच्या शिक्षण खात्याच्या बातम्यांत हा वर्ग दिसणार होता. वाचनाच्या परीक्षेत राज्यात पहिला, एकही मूल मागे नाही. मोठ्या बाईंचे, म्हणजे मुख्याध्यापिकेचे पाय सकाळपासून जमिनीला लागत नव्हते. दारात उभं राहून त्या मुलांना खुणेनेच ताठ बसवत होत्या.

"दुसऱ्या बाकावर एक जागा रिकामी आहे," कॅमेरावाला कुरकुरला. "चित्रात खड्डा दिसतो."

"ती आजारी आहे," बाई म्हणाल्या. खरं तर मुलगी का आली नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पण आली नाही ते बरंच झालं, असं सकाळीच मनात येऊन गेलं होतं.

खात्याच्या मॅडम आल्यापासून कौतुक करत होत्या. मॅडम मनाने चांगल्या दिसत होत्या, हीच पंचाईत.

"मागे पडलेल्या मुलांसाठी खातं प्रत्येक शाळेला एक जादा शिक्षिका देतंय," त्या बाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या. "तुमच्या वाटणीची मी शेजारच्या शाळेला देऊन टाकतेय. पण एकही मूल अडत असेल तर आत्ता सांगा. त्यात कमीपणा कसला? रोज तासभर त्याच्या शेजारी बसून शिकवेल ती."

शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात मोठ्या बाई पुढे झाल्या.

"आमच्याकडे? छे हो!" त्या म्हणाल्या आणि बाईंकडे बघून हसल्या.

मग बाईही हसल्या. "नाही, तशी काही गरज नाही."

दिव्यांच्या वायरींचा काहीतरी घोळ झाला. तो निस्तरेपर्यंत घोटभर पाणी प्यावं म्हणून बाई मागच्या नळांपाशी आल्या. लाल पेन मुठीतच होतं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला दोन पाय दिसले. दुसऱ्या बाकावरची मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आज मात्र ती शहाण्यासारखी बसली होती. केस चापूनचोपून विंचरलेले, गणवेशाला कडक इस्त्री.

"अगं! इथे काय करतेस?"

"लपलेय," भिंगरी कुजबुजली. "राज्याची माणसं आलीत ना? ती गेली की येते वर्गात."

"लपायला कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही. माझं मलाच कळलं." तिला त्याचा अभिमान वाटत होता. "परीक्षेच्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, घरी थांब, म्हणजे आपला वर्ग पहिला येईल. आला की नाही? आजही घरीच थांबणार होते. पण आईने कपड्यांना इस्त्री करून ठेवली. म्हणाली, टीव्हीवर दिसशील. मग निघावंच लागलं."

तिच्या आवाजात तक्रार असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तक्रार नव्हती. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. त्यांनी तिचा हात धरला.

"चल. आत्ताच्या आत्ता मॅडमना सांगते."

पण सांगायला जावंच लागलं नाही. मॅडम हात धुवायला तिथेच आल्या. मागोमाग कॅमेरावाला, त्याच्यामागे मोठ्या बाई.

"अरेच्चा, ही कोण? दुसऱ्या बाकावरची का?" मॅडम तिच्यासमोर वाकल्या. "किती छान तयार होऊन आलीस! एक पान वाचून दाखवतेस आम्हाला?"

भिंगरीने बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनीही बघितलं. बाईंनी तोंड उघडलं. तिला वाचता येत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. सोपं वाक्य, तिसरीतल्या कुठल्याही पोराला म्हणता येईल असं. बाई लाल पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या.

तेवढ्यात भिंगरी खोकली. मग पुन्हा खोकली, आणि मग थांबेचना. कमरेत वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली.

"मला बरं नाहीये," ती कशीबशी म्हणाली. "घसा बसलाय."

"अगं बाई! ताप तर नाही ना हिला?" मॅडमनी विचारलं.

बाईंनी भिंगरीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, नुकतंच नळाखाली धुतलेलं.

"थोडा आहे," बाई म्हणाल्या.

"कमाल आहे! अशा पोरीला घरचे पाठवतात तरी कसे?" मॅडम हळहळल्या. "हिच्या आईला जरा समजावून सांगा हो."

"सांगते," बाई म्हणाल्या.

बाकीचे सगळे आत गेले. दिवे लागले असावेत, कारण वर्गातून एका सुरात वाचण्याचा आवाज येऊ लागला.

भिंगरीने डोकावून खात्री करून घेतली. खोकला कुठल्या कुठे पळाला होता.

"बाई, नीट खोकले ना मी?"

बाईंनी मान डोलावली. दुसरं काय करणार होत्या?

तेव्हा भिंगरीने इस्त्रीची बाही जपून मागे सारली आणि आपलं कोरं मनगट बाईंसमोर धरलं.